मधुमेहाच्या गुंतागुंतीची भीती : समजून घेणे आणि हाताळणे

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील :
• मधुमेहातील गुंतागुंत म्हणजे काय आणि ती कशामुळे होते
• भीतीमुळे काही लोक तपासणीला जातात, तर काही ती टाळतात, असे का होते
• गुंतागुंत टाळता येते याचा पुरावा काय आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या
• स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या भीतीचे रूपांतर ठरावीक कृतीत कसे करावे

१. प्रस्तावना

जबलपूरमधील नेपियर टाउन भागातले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली मराठी कुटुंबे शहरात आहेत. आपल्या उदाहरणातले कुटुंब काल्पनिक आहे, पण तसे घर तुम्ही नक्की पाहिले असेल.

घरातली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईला सहा वर्षांपासून ‘शुगर’ आहे. आजोबांनाही होती. त्यांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ही गोष्ट घरात वारंवार सांगितली जाते. कोणी खव्याच्या जिलेबीला हात लावला की, ‘आजोबांचं काय झालं आठवतंय ना?’ असे कोणीतरी म्हणतेच.

डॉक्टरांनी आईला डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी करायला सांगितली आहे. ती चिठ्ठी आठ महिन्यांपासून कपाटात पडून आहे. नेपियर टाउन आणि शेजारच्या राइट टाउनमध्ये दवाखान्यांची किंवा लॅबची वाण नाही. पैशांचीही फार मोठी अडचण नाही. मुलीने विचारले की आई म्हणते, ‘बघू पुढच्या महिन्यात.’ एकदा मात्र ती म्हणाली, ‘त्यांनी काही निघालं असं सांगितलं तर मी काय करू?’

या पाठाचा विषय हाच प्रश्न आहे. आईला आजाराची माहिती नाही असे नाही. तिला भीती वाटते आणि त्या भीतीपोटी ती नेमकी तीच तपासणी टाळते, जिच्यामुळे तिची दृष्टी वाचू शकते.

२. गुंतागुंत म्हणजे काय?

रक्तातील साखर अनेक वर्षे जास्त राहिली तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. ही इजा दोन प्रकारच्या वाहिन्यांत दिसते.

अ) सूक्ष्म वाहिन्या : डोळ्यांचे दृष्टिपटल, मूत्रपिंडे आणि चेतातंतू यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या. येथील बिघाडामुळे दृष्टी कमी होणे, लघवीतून प्रथिन जाणे आणि पावलांना मुंग्या किंवा बधिरपणा येणे हे त्रास होतात.

आ) मोठ्या वाहिन्या : हृदय, मेंदू आणि पाय यांच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या. येथे साखरेबरोबरच रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा वाटा फार मोठा असतो.

आजोबांच्या पायाचे काय झाले ते आता उलगडते. चेतातंतू निकामी झाल्याने पावलाला वेदना कळत नाही. चपलेत खडा असला तरी जाणवत नाही आणि जखम होते. रक्तपुरवठा कमी असल्याने ती भरत नाही, त्यात जंतुसंसर्ग होतो. म्हणजे ‘शुगर’ आणि ‘पाय कापणे’ यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर हस्तक्षेप करता येतो. भीतीला या मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. तिला पहिली आणि शेवटची एवढ्याच दिसतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सूक्ष्म वाहिन्यांचा बिघाड सुरुवातीला मुका असतो. दृष्टिपटलात बदल सुरू झाले तरी माणसाला स्वच्छ दिसत असते. लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागले तरी काही दुखत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. नेमक्या याच टप्प्यावर उपचारांचा फायदा सर्वाधिक असतो.

३. आजोबांची गोष्ट आणि आजचा पुरावा

घरातली भीती बहुधा मागच्या पिढीच्या अनुभवातून आलेली असते. आजोबांच्या उमेदीच्या काळात घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणीही सर्रास होत नव्हती. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटते, तितका हा आकडा वाढतो. मधुमेह नसलेल्या व्यक्तीत तो साधारण ५.७ टक्क्यांपेक्षा कमी असतो. मधुमेहात बहुतेक प्रौढांसाठी ७ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असे उद्दिष्ट ठेवतात. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलतात.

साखर आटोक्यात ठेवली तर गुंतागुंत खरोखर टळते का, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. दोन मोठ्या अभ्यासांनी त्याचे उत्तर दिले.

पहिला अभ्यास अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात झाला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १,४४१ रुग्ण दोन गटांत विभागले होते. एका गटाचे एचबीए१सी सुमारे ७, तर दुसऱ्याचे सुमारे ९ टक्के राहिले. सुरुवातीला डोळे निरोगी असलेल्या रुग्णांपैकी नेहमीच्या उपचारांच्या गटात दरवर्षी १०० जणांमागे सुमारे ४.७ जणांत दृष्टिपटलाचा विकार दिसू लागला. काटेकोर उपचारांच्या गटात हे प्रमाण १.२ होते. म्हणजे धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. याची किंमतही होती. काटेकोर उपचारांच्या गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट घडले.

दुसरा अभ्यास ब्रिटनमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावर झाला. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. एचबीए१सी ७.९ ऐवजी ७.० टक्के ठेवल्याने सूक्ष्म वाहिन्यांची गुंतागुंत सुमारे २५ टक्क्यांनी घटली. त्याच अभ्यासात रक्तदाब नीट आटोक्यात ठेवलेल्या गटात ही घट ३७ टक्के होती. आईला मधुमेह असेल तर रक्तदाबाकडे का पाहायचे, याचे उत्तर या आकड्यात आहे.

आकडे वाचताना दोन पथ्ये पाळा. पहिले, ‘धोका ७६ टक्क्यांनी कमी’ याचा अर्थ ‘धोका शून्य’ असा नव्हे. नियंत्रण चांगले असूनही काहींना गुंतागुंत होते आणि त्यात त्यांचा दोष नसतो. दुसरे, ‘अमक्याला ५० वर्षे मधुमेह आहे आणि काहीच झाले नाही’ या उदाहरणाने दिलासा मिळतो, पण तो पुरावा नाही. बोस्टनमधील जॉस्लिन संस्था मधुमेहासह ५० वर्षे जगलेल्यांना पदक देते. असे अनेक लोक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गंभीर गुंतागुंत झालेली नाही. मात्र जे तोवर जगले, त्यांच्याकडेच आपण पाहत असतो. आजोबांची एक गोष्ट जशी तुमचे भविष्य ठरवत नाही, तशी पदकवाल्यांची गोष्टही ठरवत नाही.

४. भीतीने माणूस हलतो की थिजतो?

‘घाबरवल्याशिवाय लोक सुधारत नाहीत’ असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. हे कितपत खरे आहे?

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लशीविषयी पत्रके वाचायला दिली. काहींचे पत्रक अंगावर काटा आणणारे होते, काहींचे सौम्य. त्यांपैकी काही विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट दिली : विद्यापीठाचा नकाशा, त्यावर आरोग्य केंद्राची खूण, लस देण्याच्या वेळा आणि ‘आपल्या वेळापत्रकात कधी जमेल ते पाहा’ अशी सूचना. घाबरलेल्या विद्यार्थ्यांनी लशीचे महत्त्व अधिक पटल्याचे सांगितले. प्रत्यक्षात लस घेण्याच्या बाबतीत मात्र भीती जास्त की कमी याने फरक पडला नाही, नकाशाने पडला. नकाशा नसलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के विद्यार्थी लस घ्यायला गेले, नकाशा असलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के. भीतीचे कोणतेच पत्रक न वाचता फक्त नकाशा मिळालेल्यांपैकी कोणीही गेले नाही.

याचा अर्थ थोडी काळजी आवश्यक आहे, पण ती वाढवत नेण्यात लाभ नाही. काळजीला वाट दाखवावी लागते.

किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानातून याचे कारण कळते. धोक्याची जाणीव झाली की मन दोन प्रश्न विचारते : ‘हे टाळण्याचा उपाय खरोखर चालतो का?’ आणि ‘तो मला जमेल का?’ दोन्हींची उत्तरे ‘हो’ आली, तर माणूस धोका आटोक्यात आणायला लागतो. एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर तो धोक्याऐवजी भीतीच आटोक्यात आणू लागतो. म्हणजे विषय बदलतो, चिठ्ठी कपाटात ठेवतो, ‘सगळं नशिबात असतं’ म्हणतो.

आता आईकडे पुन्हा पाहा. तिला आळशी किंवा बेफिकीर म्हणणे चुकीचे ठरेल. डोळ्यांत काही निघाले तर उपाय आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नाही. तिला फक्त आजोबांचा पाय ठाऊक आहे. अशा माणसाला आणखी घाबरवले तर ते कपाट आणखी घट्ट बंद होईल.

भीतीचे दुसरे टोकही आहे. काही जण दिवसातून दहा वेळा साखर मोजतात, जेवण गाळतात, औषध मनाने वाढवतात. तेव्हा साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊन घाम, थरथर आणि गोंधळ होऊ शकतो. अशा वेळी व्यक्ती शुद्धीवर असेल तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता तातडीने रुग्णालय गाठावे.

५. हा त्रास मोजता येतो

मधुमेह सांभाळण्याच्या रोजच्या ओझ्यातून येणाऱ्या मानसिक ताणाला अभ्यासक ‘मधुमेहजन्य मनस्ताप’ असे वेगळे नाव देतात. तो मोजण्यासाठी विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २० विधानांची प्रश्नावली मांडली. प्रत्येक गोष्ट किती छळते ते ० ते ४ गुणांत सांगायचे असते. बेरजेला १.२५ ने गुणले की १०० पैकी गुण मिळतात. ४० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे लक्ष द्यावे असा मनस्ताप. भविष्याची आणि गंभीर गुंतागुंतीची चिंता या प्रश्नावलीत आहे आणि अनेक देशांतील पाहण्यांत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या बाबींत ती येते.

म्हणजे ही भीती वाटणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. ती इतकी सामान्य आहे की डॉक्टरांनी तिच्याविषयी विचारायला हवे आणि रुग्णाने न लाजता सांगायला हवे.

६. भीतीला नकाशा देणे

पहिली पायरी : भीती लिहून काढा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : ‘मला काय वाटते’, ‘मला नक्की काय माहीत आहे’, ‘पुढचे एक पाऊल’. आईच्या बाबतीत पान असे दिसेल. वाटते : मी आंधळी होईन. माहीत आहे : सहा वर्षे मधुमेह आहे, डोळ्यांची तपासणी एकदाही झालेली नाही, सध्या नीट दिसते. पुढचे पाऊल : पडद्याची तपासणी. मधला रकाना बहुधा फार लहान निघतो. भीतीचा मोठा भाग अज्ञातातून येत असतो, हे तेव्हा डोळ्यांना दिसते.

दुसरी पायरी : वर्षाची यादी करा. साधारणपणे पुढील तपासण्या लागतात :
• एचबीए१सी : दर तीन ते सहा महिन्यांनी
• रक्तदाब : प्रत्येक भेटीत. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते
• डोळे : बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, वर्षातून एकदा
• मूत्रपिंड : लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण आणि रक्तातील क्रिएटिनिन, वर्षातून एकदा
• पाय : डॉक्टरांकडून संवेदना व नाडीची तपासणी वर्षातून एकदा. घरी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहणे
• कोलेस्टेरॉल आणि दात : वर्षातून एकदा

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात डोळे व मूत्रपिंडांची तपासणी निदान होताच करायची असते, कारण आजार लक्षात येण्यापूर्वी तो काही वर्षे शरीरात असू शकतो. पहिल्या प्रकारात ती सहसा पाच वर्षांनी सुरू होते.

तिसरी पायरी : ‘जेव्हा–तेव्हा’ वाक्य तयार करा. पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनानुसार ‘मी तपासणी करेन’ या संकल्पापेक्षा वेळ व जागा बांधलेला संकल्प अधिक वेळा पार पडतो. उदाहरणार्थ : ‘शनिवारी सकाळी नाश्ता झाला की साडेनऊला मी आणि आई रिक्षाने डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ.’ रिक्षाच का? थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून परतताना आईने गाडी चालवायची नाही. इतका बारकावा ठरला की भीतीला पळवाट कमी उरते.

चौथी पायरी : काळजीला वेळ ठरवून द्या. रात्री अंथरुणावर विचार सुरू झाले की ते कागदावर टिपा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ठरलेल्या १५ मिनिटांत पाहा. त्यांतल्या ज्याला कृती आहे, ती यादीत घाला. ज्याला कृती नाही, तो विचार तिथेच सोडून द्यायचा सराव करा. हे पहिल्या आठवड्यात जमत नाही, हळूहळू जमते.

७. घरात बोलायचे कसे?

‘गोड खाल्लंस तर पाय कापावा लागेल’ या वाक्यात धोका आहे, नकाशा नाही. शिवाय आरोप आहे. असे ऐकणारा माणूस गोड सोडत नाही, लपवून खायला लागतो. त्याऐवजी मुलगी म्हणू शकते : ‘आई, ती चिठ्ठी कपाटात आहे ना? मला शनिवारी सुट्टी आहे. आपण दोघी जाऊ. काही निघालं तर लवकर कळलेलं बरं, आता त्यावर उपचार आहेत.’ यात विटच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत : उपाय चालतो, आणि तो तुला एकटीला करायचा नाही.

आजोबांची गोष्ट लपवू नका. ती पूर्ण सांगा : जखम किती दिवस दुर्लक्षित राहिली, पाय रोज पाहायला त्यांना कोणी सांगितले होते का, दवाखान्यात पोहोचायला किती उशीर झाला. पूर्ण सांगितलेली गोष्ट शाप राहत नाही, तिच्यातून काही शिकता येते.

आणि तुमची स्वतःची भीती? ‘आजोबांना, आईला आहे, म्हणजे मलाही होणार’ हा विचार घरातल्या तरुणांना छळतो. ‘मी बारीक आहे, मला काय होणार’ हा उलट समजही आढळतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. तेव्हा निर्धास्त राहू नका, पण हताशही होऊ नका. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्यांनी आहार-व्यायामात बदल केले, त्यांचा मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. आनुवंशिकता धोका वाढवते, पण तेवढ्याने सगळे ठरत नाही.

८. तपासणीत काही निघाले तर?

हाच आईचा मूळ प्रश्न होता. दृष्टिपटलात सुरुवातीचे बदल दिसले तर बहुधा साखर व रक्तदाब सुधारून लक्ष ठेवले जाते. बदल पुढे गेले असतील तर लेझर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने उपलब्ध आहेत. लेझरने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७० च्या दशकातच एका मोठ्या अभ्यासाने दाखवले होते. लघवीत अल्ब्युमिन सापडले तर मूत्रपिंडांची झीज मंदावणारी औषधे आहेत. गेलेली दृष्टी परत आणण्यापेक्षा असलेली टिकवणे कितीतरी सोपे असते.

तरीही अशी बातमी ऐकल्यावर दुःख होणारच. त्या दिवशी ‘सांगत होतो ना’ असे कोणी म्हणू नये. पुढची भेट कधी, हे ठरवून घरी यावे आणि चहा प्यावा. एवढे पुरे असते.

९. मदत कधी घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच मन लागेनासे झाले, औषधे सुटली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो केवळ मधुमेहाचा मनस्ताप नसून नैराश्य असू शकते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे आणि तेथे भारतीय भाषांत बोलता येते.

सारांश

मधुमेहाची गुंतागुंत खरी आहे आणि तिची भीती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र भीती वाढवल्याने तपासण्या वाढत नाहीत. उपाय चालतो हा विश्वास आणि कधी, कुठे, कोणाबरोबर जायचे याचा नकाशा मिळाला की माणूस हलतो. साखर, रक्तदाब आणि नियमित तपासणी यांमुळे धोका मोठ्या प्रमाणात घटतो, पण शून्य होत नाही. म्हणून गुंतागुंत झालेल्याला दोष देऊ नये. तुमच्या घरातही एखादी चिठ्ठी कपाटात असेल, तर ती आज बाहेर काढा आणि तिच्यावर एक तारीख लिहा.

स्वाध्याय

१. ‘शुगर’ आणि ‘पाय कापणे’ यांच्या मधल्या पायऱ्या क्रमाने लिहा. प्रत्येक पायरीवर काय करता येईल ते सांगा.
२. लेव्हेंथल यांच्या प्रयोगात फक्त नकाशा मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही लस घेतली नाही. यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
३. ४.७ वरून १.२ ही घट ७६ टक्के कशी होते हे अंदाजे गणित करून दाखवा. ती वाचताना कोणती काळजी घ्यावी?
४. पन्नास वर्षे मधुमेहासह जगलेल्यांच्या उदाहरणावरून सर्व रुग्णांविषयी निष्कर्ष का काढता येत नाही?
५. तुमच्या ओळखीच्या मधुमेही व्यक्तीसाठी एक ‘जेव्हा–तेव्हा’ वाक्य तयार करा. ते तिच्याशी बोलताना तुम्ही कोणते शब्द वापराल आणि कोणते टाळाल?